देवकीचे अकरा सेकंद

कर्नाटकातल्या रामनगरात कुणाचं म्हातारं माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या घरातलं कुणीतरी बसस्टँडसमोरच्या सावित्री फोटो स्टुडिओची पायरी चढतं. पिशवीत एखादा जुना फोटो असतो. कधी रेशनकार्डावरून उचकटलेला, कधी लग्नाच्या घोळक्यातला, ज्यात आजोबा तिसऱ्या ओळीत कुणाच्या तरी फेट्याआड अर्धेच दिसतात. मालक लक्ष्मणअण्णा चष्मा कपाळावर चढवून फोटो उजेडाला धरतात आणि मागच्या खोलीकडं तोंड करून विचारतात, "देवकी, हे जमंल काय गं?"

"ठेवा तिथं," असं आतून उत्तर येतं.

जमेल की नाही हे देवकी कधी सांगत नाही. सोळा वर्षांत तिनं परत पाठवलेले फोटो दोनच, आणि त्यातला एक उंदरांनी कुरतडून नाकापर्यंत आणलेला होता.

देवकी मूळची जोयड्याच्या पलीकडची. जंगलात आठ घरांचं गाव. बापाचं नाव लाडू. तो भात पिकवायचा आणि उरलेल्या दिवसांत जंगलातल्या कामावर जायचा. शाळेसाठी रस्त्यापर्यंत तासभर चालायचं आणि मिळेल त्या जीपला लोंबकळत जोयडा गाठायचा, अशी ती बारावी झाली. पुढं जीपवाल्याशीच लग्न झालं, ह्यावरून मैत्रिणींनी तिला भरपूर पिडलं. नवऱ्याचं नाव महाबळेश्वर, तो रामनगर-जोयडा जीप चालवतो. बायकोचं त्याला भारी कौतुक, पण ती नेमकं काय करते हे त्याला आजही धड सांगता येत नाही. "कंप्युटरवर डाग काढती," असं तो प्रवाशांना सांगतो आणि गियर बदलतो.

स्टुडिओत ती लागली ती लग्नाच्या अल्बमात फोटो चिकटवायला. मग कंप्युटर आला. लक्ष्मणअण्णांचा हात कॅमेऱ्याला सरावलेला, त्यांना तो माऊस काही केल्या वळेना. देवकीनं महिन्याभरात कंप्युटर आपल्या ताब्यात घेतला आणि परत दिला नाही.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. शंकर नावाचा एक माणूस आईचा फोटो घेऊन आला. फोटो पिवळा पडलेला, हनुवटीवर तीन बारके ठिपके. अण्णा म्हणाले, "ते डाग काढ, तोंड स्वच्छ कर, मागं निळा पडदा लाव." देवकीनं माऊस धरला, आणि का कोण जाणे, उठून बाहेर आली.

"दादा, आईच्या हनुवटीवर ह्ये काय हाय?"

"गोंदण हाय ते," शंकर म्हणाला. "लहानपणी टोचलेलं. का वो?"

"काय न्हाई. असू दे मग."

त्या दिवसापासून तिचा एक नेम झाला. डाग कुठला आणि माणसाच्या अंगचं कुठलं, हे विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. "अक्का, तुम्ही पोलिसासारखं इचारताय," म्हणायची. पण फोटो घरी गेला की शेजारणी बघायला यायच्या आणि म्हणायच्या, अगदी तशीच हाय की वो म्हातारी!

सिनेमाचं काम तिच्याकडं आलं ते नदीच्या कृपेनं. मुंबईचा रोहन नावाचा माणूस मित्रांबरोबर गणेशगुडीला राफ्टिंगला आला होता. नाव उलटली. माणसं सगळी वर आली, पण रोहनचं पाकीट कागदपत्रांसकट काळी नदीत गेलं. तक्रारीच्या अर्जाला लावायला फोटो हवा म्हणून तो ओल्या चपलांनी स्टुडिओत आला. अण्णा फोटो काढेपर्यंत तो भिंतीवरच्या चौकटी बघत उभा राहिला. आधीचा आणि नंतरचा असे जोडीनं लावलेले फोटो होते.

"हे कुणी केलंय?"

अण्णांनी अंगठ्यानं मागची खोली दाखवली.

रोहनची मुंबईतली कंपनी जुने सिनेमे साफ करायची. फिल्मवर धूळ बसते, बुरशी येते, चरे पडतात. एकेक चित्र पडद्यावर मोठं करून ते पुसायचं. एका सेकंदाची चोवीस चित्रं. रोहननं परत गेल्यावर दहा सेकंदांचा एक तुकडा चाचणी म्हणून पाठवला. देवकीनं चार दिवसांत तो असा परत केला की रोहननं फोन करून विचारलं, "ताई, किती जण बसला होता?"

तेव्हापासून पाच वर्षं, सकाळी रामनगरची माणसं आणि दुपारी मुंबईचे सिनेमे, असा तिचा दिवस झाला. मराठी, कन्नड, हिंदी, मिळेल ते. भाषा कळली नाही तरी तिचं अडत नसे, कारण आवाज तिच्याकडं येतच नव्हता. येत होती ती फक्त चित्रं.

मागच्या वर्षी गणपतीला दोन आठवडे राहिले असतील, तेव्हा गुजरातीचं काम आलं. बडोद्याची 'रूपछबी चित्र' नावाची जुनी कंपनी, कधीच बंद पडलेली. मालकांच्या नातीनं घरात सापडलेली रिळं साफ करायला दिली होती. देवकीच्या वाट्याला आलं ते कंपनीचं चिन्ह. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर येतं ते. अकरा सेकंद, दोनशे चौसष्ट चित्रं. चांगली फिल्म राहिलीच नव्हती. कुठल्याशा थेटरात वर्षानुवर्षं घासलेली एक प्रत होती, तिच्यावरून हे उतरवलेलं. बघावं तिकडं बुरशी, आणि मधोमध काहीतरी गोल, काळं, फिरणारं. त्याच्याखाली वळणदार गुजराती अक्षरं उमटायची.

सोबत कामाचा कागद होता. त्यात रोहननं लिहिलं होतं, 'काळा कलश फिरतो. कलशावरचे पांढरे ठिपके, बुरशी, चरे काढणे. खाली डावीकडचा काळा डाग काढणे.'

आता हेच काम शंकरसारख्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं आणलं असतं, तर देवकीनं उठून विचारलं असतं. पण मुंबईच्या ऑफिसातून छापील कागद आलेला. त्या लोकांनी विचारूनच लिहिलं असणार, असं तिनं धरलं आणि कामाला लागली. बारा दिवसांत तिनं तो कलश असा घासूनपुसून काढला की तेल लावलेल्या वांग्यासारखा चकाकायला लागला.

रोहनचा निरोप आला, "एक नंबर! मालकांच्या नातीनं पास केलं."

ही गोष्ट इथंच संपायची. पण दोन दिवसांनी अण्णांची बायको सावित्रीअक्का चहा घेऊन आत आली. तिला देवकीचं काम बघायची हौस. देवकीनं तो चकाकता कलश फिरवून दाखवला. सावित्रीअक्कानं मान डोलावली.

"बरं हाय. आधी कसलं व्हतं गं?"

देवकीनं मूळची घाण चित्रं लावली. पडद्यावर बुरशीचं वादळ सुरू झालं. सावित्रीअक्का बशीत चहा ओतता ओतता थांबली.

"ह्येच बरं दिसतंय की. चांदण्या फिरल्यागत."

"चांदण्या कुठल्या, अक्का? घाण हाय ती," देवकी हसली. हसता हसता तिनं पडद्याकडं पाहिलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

बारा दिवस ती एकेक चित्र थांबवून, मोठं करून, पुसत होती. सलग चालवून तिनं ते नीट पाहिलंच नव्हतं. धूळ एका चित्रावर असते, पुढच्यावर नसते. इथं आली, तिथं गेली, असा तिचा कारभार. पण कलशावरचे ठिपके तसे नव्हते. एक ठिपका उजव्या कडेला उगवत होता, हळूहळू मधे येत होता आणि डाव्या कडेला मावळत होता. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. ओळीनं.

"अक्का," देवकी म्हणाली, "मी चुकले."

"काय झालं?"

"ह्यो डाग न्हाई. ह्ये त्याच्या अंगचं हाय. आणि मी सगळं पुसलंय."

सावित्रीअक्कानं बशी खाली ठेवली. "मग आता?"

"आता काय, ह्ये काय हाय ते आधी कळाय पायजे."

गुजराती म्हटल्यावर रामनगरात एकच घर डोळ्यासमोर येतं. गावाच्या टोकाला लाकडाची गिरण होती, ती चालवणारे कच्छी पटेल. गिरण कधीची बंद पडली, आता तिथं प्लायवुडचं दुकान आहे. त्या घरातली कंकुबा पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी लग्न होऊन ह्या जंगलात आली. देवकीनं तिच्या लग्नाचा फोटो दुरुस्त केला होता आणि तेव्हा नथ कुठल्या बाजूला होती हे विचारायला तीन वेळा हेलपाटा घातला होता. त्यामुळं देवकी दुकानात शिरली तशी कंकुबा खाटेवरूनच म्हणाली, "हवे शूं पूछवानूं छे? विचार, विचार."

देवकीनं मोबाईल पुढं केला. कंकुबानं तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. अकरा सेकंद गेले.

"अरे, आ तो गरबो छे!"

"म्हंजे?"

"मडकं, मडकं! भोकवाला. नवरातीत मांडतो आम्ही. आत दिवा, बाहेर बायका फेर धरते." कंकुबाचं मराठी असंच होतं, कच्छातून निघून रामनगरला पोचता पोचता वाटेत जे मिळालं ते घेऊन आलेलं. तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं माळ्यावरून कापडात गुंडाळलेलं एक मडकं काढलं. सगळीकडून बारीक बारीक भोकं पाडलेली. तीन ओळी.

"दिवा लावून बघू या?" देवकीनं विचारलं.

"दिवसाढवळ्या?"

"गोदामात अंधार हाय की."

भर दुपारी दोघींनी प्लायवुडच्या गोदामात शिरून शटर ओढून घेतलं. आत भुशाचा आणि गोंदाचा वास. कंकुबानं मडक्यात पणती ठेवली, देवकीनं ते एका उलट्या डब्यावर ठेवून हातानं हळूहळू फिरवायला सुरुवात केली. भोकाभोकातून उजेड फुटला. मडकं काळं दिसत होतं आणि त्याच्यावरून ठिपके चालत होते, उजवीकडून डावीकडं, एकामागून एक. प्लायवुडच्या थप्प्यांवरून, पत्र्यावरून, कंकुबाच्या पांढऱ्या लुगड्यावरून उजेडाचे कवडसे सरकत गेले. म्हातारी टाळ्या वाजवून काहीतरी गुणगुणायला लागली. देवकीनं एका हातानं मडकं फिरवत दुसऱ्या हातानं मोबाईलवर त्याची फिल्म घेतली.

मग ती स्टुडिओत परत आली आणि तिनं रोहनला फोन लावला.

"रोहन, ते रूपछबीचं काम परत द्या. मी चुकीचं केलंय."

"ताई, ते तर पास झालं! सगळे खूश आहेत."

"खूश असतील. पण तो कलश न्हाई. मडकं हाय, आत दिवा हाय. ते ठिपके म्हंजे उजेड हाय. मी दिवा विझवून ठेवलाय."

रोहन समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, ठिपके काढा असं मीच लिहिलं होतं. चूक असली तर माझी आहे, तुमची नाही. आणि अकरा सेकंदांचं चिन्ह, कोण एवढं बघतंय? लोक तेव्हा खुर्ची शोधत असतात."

"ज्यांच्या घरात ते मडकं हाय, त्यांना कळंल."

"कशावरून तुम्ही म्हणता तेच बरोबर? बुरशीसुद्धा गोल असते."

"कंप्युटर चालू हाय न्हवं? मूळची चित्रं लावा. मधल्या ओळीतला एकच ठिपका धरा, सगळ्यात ठळक हाय तो. बाकी काय बघू नका. त्याच्यावर बोट ठेवा आणि चालवा."

फोनवर बटणांचा आवाज आला. देवकी थांबली. बाहेर अण्णा कुणाला तरी हनुवटी खाली घ्यायला सांगत होते.

"चालतोय," रोहन म्हणाला.

"व्हय."

"ताई, हा तर चालतोय! माझं बोट त्याच्याबरोबर सरकलं." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "आम्ही पाच जणांनी हे पाहिलं होतं हो."

"मीबी बारा दिवस बघितलं," देवकी म्हणाली. "आता मडक्याची फिल्म पाठवते, ती मालकीणबाईंना दाखवा. आणि मला नऊ दिवस द्या."

बडोद्याची नात ते पाहून आधी गोंधळली. मग तिनं आपल्या आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, गरबोच तो, आणि तुम्ही त्याचा तांब्या करून ठेवलात होय? त्या दिवशी संध्याकाळी परवानगी आली.

देवकीनं पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी तिनं वहीत प्रत्येक ठिपक्याला नंबर दिला. कुठल्या चित्रात उगवतो, कुठल्या चित्रात मावळतो, हे लिहून काढलं. जो ठिपका मडक्याबरोबर चालतो तो उजेड. जो एका जागी ठाण मांडून बसतो तो भिंगावरचा डाग. जो एकाच चित्रात डोकावून पळतो ती धूळ. सावित्रीअक्काला वाटलं होतं तसं सगळंच चांदणं नव्हतं, बरंचसं घाणच होती. पण एकेचाळीस ठिपके असे निघाले की त्यांच्याविषयी देवकीच्या मनात तिळभर शंका उरली नाही. जिथं बुरशीनं ठिपका गिळला होता, तिथं मागच्या-पुढच्या चित्रांवरून तिनं तो परत जागेवर आणला.

सातव्या दिवशी तिला ती बोटं दिसली.

खाली डावीकडं जो 'काळा डाग' होता, तो एकशे नव्वदाव्या चित्रापासून पुढं बावीस चित्रांत होता. पहिल्या खेपेला तिनं तो घाईत पुसून टाकला होता. आता मोठा करून बघितला तर दोन बोटांची टोकं. मडक्याच्या बुडाशी धरलेली. कुणीतरी खाली अंधारात बसून हातानं मडकं फिरवत होतं, आणि वळवता वळवता बोटं कॅमेऱ्यात आली होती.

तिनं रोहनला सांगितलं. एव्हाना रोहनला ह्या अकरा सेकंदांचं वेडच लागलं होतं. "राहू द्या ताई! किती भारी आहे! इतक्या वर्षांपूर्वीचा माणूस, त्याचा हात. काढू नका."

"काढणार," देवकी म्हणाली.

"अहो, ठिपके ठेवायचे म्हणून तुम्हीच भांडलात ना?"

"ठिपके त्यांनी दाखवाय ठेवले व्हते. बोटं चुकून आली. तो माणूस अंग चोरून बसला असंल खाली, कुणाला दिसू नये म्हणून. रीळ बघितल्यावर त्यानं जीभ चावली असंल. त्याला जे लपवायचं व्हतं ते आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

रोहन म्हणाला, "पण इतिहास..."

"तुमच्याकडं मूळ चित्रं हाईत न्हवं? त्यात ऱ्हाऊ दे इतिहास. सिनेमात नको."

रोहननं नातीला विचारलं, नातीनं आत्याला विचारलं, आणि आत्यानं देवकीच्या बाजूनं कौल दिला. देवकीनं बावीस चित्रांतून ती बोटं अशी अलगद उचलली की मागच्या अंधाराला सुरकुतीसुद्धा पडली नाही. स्वतःचं काम तिला फार कमी वेळा आवडतं. हे आवडलं. तिनं ते चार वेळा बघितलं आणि मग नवव्या दिवशी, कबूल केल्याप्रमाणं, दुपारच्या जेवणाआधी पाठवून दिलं.

दिवाळीनंतर सिनेमा बडोद्यात दाखवला गेला आणि नातीनं त्याची प्रत रोहनमार्फत देवकीला पाठवली. देवकीनं ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि रविवारी सकाळी महाबळेश्वरच्या जीपमधून कंकुबाकडं गेली. सावित्रीअक्का बरोबर होतीच. सुनेनं टीव्ही लावला, प्लायवुड घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईकही कोपऱ्यात टेकलं.

पडदा काळा झाला. काळोखात मडकं फिरायला लागलं. तीन ओळींतले ठिपके उगवले, मधे आले, मावळले. खाली अक्षरं उमटली. ह्या वेळी आवाजही होता. देवकीनं तो पहिल्यांदाच ऐकला. एक शहनाई आणि तिच्यामागं बायकांच्या टाळ्या.

महाबळेश्वर म्हणाला, "बास? एवढंच?"

"एवढंच," देवकी म्हणाली.

"दोन म्हैने घातलीस ह्यात?"

"एकवीस दिवस."

"लई स्वच्छ हाय पण," तो म्हणाला, आणि ती खरंच काय करते ते आज त्याला कळल्यासारखं त्यानं परत टीव्हीकडं पाहिलं.

सिनेमा पुढं सुरू झाला होता, एक बाई विहिरीवर पाणी भरत होती. कंकुबानं हात वर केला. "पाछळ ले. मागं घे." सुनेनं मागं घेतलं. मडकं परत फिरलं. कंकुबा पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बघत होती. संपल्यावर तिनं नाक मुरडलं.

"कुंभार चांगला नव्हता. खालच्या ओळीतली भोकं वाकडी पाडली छे."

"व्हय, बा," देवकी म्हणाली. "वाकडीच हाईत. मी सरळ केली न्हाईत."

कंकुबानं तिच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि सुनेला म्हणाली, "हजी एक वार. परत लाव."